स्कोपखालचा तिरका बेस आणि हवेला कमी न लेखणारा बेंजामिन रॉबिन्स



बीजीएमआयमध्ये ८एक्स स्कोप लावून लांबच्या छपरावरच्या शत्रूवर नेम धरलाय. क्रॉसहेअर बरोबर डोक्यावर आहे. गोळी सुटते आणि त्याच्या पायाखालच्या भिंतीत जाऊन बसते. हा अनुभव बहुतेकांना आलेला असतो. दोन-चार वेळा असं झालं की आपोआप कळतं, अंतर जास्त असेल तर नेम थोडा वर धरायचा. गेमच्या भाषेत याला बुलेट ड्रॉप म्हणतात.

माझा कॉलेजचा एक मित्र सध्या अमेरिकेत टेक्सासमध्ये नोकरी करतो. तिथे त्याला टार्गेट शूटिंगचा नाद लागलाय. मध्यंतरी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवले. रायफलवर स्कोप बसवण्यासाठी खाली जी धातूची पट्टी लावतात, तिला बेस किंवा रेल म्हणतात. तशा तीन पट्ट्या, दिसायला सारख्याच. एकीवर ० एमओए, दुसरीवर २० एमओए आणि तिसरीवर ४० एमओए लिहिलेलं. दुसरी आणि तिसरी मागच्या बाजूला किंचित जाड, म्हणजे तिरकी. त्याला विचारायचं होतं की या मुद्दाम वाकड्या का बनवतात आणि यातली कोणती घ्यायची.

मी काय केलं? मोबाईल घेताना जास्त मेगापिक्सेल बघतो ना, तसंच. बेधडक कळवून टाकलं की ४० घे, आकडा मोठा आहे. ऑर्डर करायच्या आधी जरा गणित करून बघू म्हटलं, आणि लक्षात आलं की माझा सल्ला साफ चुकीचा होता. ते गणित शोधताना मी जवळजवळ तीनशे वर्षं मागे एका माणसापर्यंत जाऊन पोचलो. त्याचं नाव बेंजामिन रॉबिन्स. बॅलिस्टिक्स, म्हणजे सुटलेल्या गोळीचं शास्त्र, ज्यांच्या मोजमापांवर उभं राहिलं त्यांत त्याचं नाव पहिलं घेतात. आणि हा माणूस मेला आपल्या भारतात.

आज त्याची गोष्ट सांगतो. शेवटी त्या तीन पट्ट्यांकडे परत येऊ.

शांततावादी घरातला मुलगा

रॉबिन्सचा जन्म १७०७ सालचा, इंग्लंडमधल्या बाथ शहरातला. घरची परिस्थिती बेताची. आई-वडील क्वेकर पंथाचे. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला युद्ध आणि शस्त्रं नाकारणारा पंथ. अशा घरातला मुलगा पुढे तोफा-बंदुकांच्या शास्त्राचा पाया घालणार होता, हा नशिबाचा खेळच म्हणायचा. मोठेपणी तो या पंथापासून दूर गेला.

विद्यापीठात जाऊन पदवी वगैरे त्याने घेतली नाही. गणित बरंचसं स्वतःच शिकला. त्याची हुशारी बघून त्याला लंडनला बोलावलं गेलं. तिथे त्याची ओळख हेन्री पेंबर्टनशी झाली. न्यूटनच्या प्रिन्सिपिया या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीचं संपादन याच पेंबर्टनने केलं होतं. म्हणजे पोरगा थेट न्यूटनच्या वर्तुळात जाऊन पोचला. १७२७ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. आपण त्या वयात सबमिशनच्या रांगेत उभे असतो.

पोटापाण्यासाठी तो गणिताच्या शिकवण्या करायचा. पण फक्त कागदावरच्या गणितात त्याचं मन रमेना. पूल, बंदरं, किल्ले, तोफा अशा खऱ्या कामांकडे त्याचा ओढा होता. शिवाय तो भांडखोरही होता. न्यूटनच्या कॅल्क्युलसवर बिशप बर्कलीने टीका केली, तेव्हा रॉबिन्सने १७३५ साली न्यूटनच्या बाजूने पुस्तक लिहून उत्तर दिलं. १७३९ मध्ये त्याने लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाच्या ग्रंथावरसुद्धा टीका छापली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

हुकलेली नोकरी आणि सतरा मैलांचं गणित

१७४१ साली लंडनजवळ वुलिच इथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांसाठी लष्करी अकादमी सुरू झाली. तिथे शिकवण्याची जागा रॉबिन्सला हवी होती आणि त्याने तशी तयारीही केली होती. पण याआधी त्याने पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलच्या विरोधात राजकीय पत्रकं लिहिली होती. ती त्याला भोवली असं मानलं जातं. जागा दुसऱ्याला गेली.

रॉबिन्स रडत बसला नाही. केलेल्या तयारीतून त्याने पुस्तक उभं केलं. १७४२ साली ते छापून आलं. नाव होतं न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी, म्हणजे तोफ-बंदूकशास्त्राची नवी तत्त्वं. हे पुस्तक आकाराने लहान होतं, पण त्याने शंभर वर्षं रुळलेली एक समजूत मोडीत काढली.

ती समजूत कोणती? गॅलिलिओने १६३८ साली दाखवलं होतं की फेकलेली वस्तू पॅराबोला या वक्र रेषेत जाते. शाळेत आपणही हेच शिकलो आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ असायची, की हवेचा विरोध नगण्य धरला आहे. गॅलिलिओला स्वतःला माहीत होतं की हवेमुळे फरक पडतो. पण त्याच्यानंतरच्या बऱ्याच तोफशास्त्रवाल्यांनी ती बारीक ओळ विसरून टाकली. शिशाचा जड गोळा, त्याला पातळ हवा काय अडवणार, असा त्यांचा हिशेब.

रॉबिन्सने साधा प्रश्न विचारला. मस्केटची, म्हणजे त्या काळच्या पायदळाच्या बंदुकीची गोळी सेकंदाला १,७०० फूट वेगाने सुटते असं धरा. ४५ अंशांत झाडली आणि हवा नसेल, तर ती कुठे पडेल? गणित सांगतं, सुमारे १७ मैलांवर, म्हणजे २७ किलोमीटरवर. पुण्याच्या स्वारगेटवरून झाडली तर पार तळेगावच्या दिशेने निघून जाईल! प्रत्यक्षात बंदूकवाल्यांचा अनुभव काय होता? गोळी अर्धा मैलसुद्धा जात नाही.

१७ मैल कुठे आणि अर्धा मैल कुठे! एवढा मोठा फरक नगण्य कसा म्हणायचा? आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणू, की कोडमध्ये बग नाही, गृहीतकातच बग आहे.

हातात घड्याळ नसताना गोळीचा वेग

पण वेग सेकंदाला १,७०० फूट आहे हे रॉबिन्सला कसं कळलं? विचार करा. तुमच्या फोनचा स्लो-मोशन कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेम घेतो असं समजू. ही गोळी सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते. म्हणजे एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत ती दोन मीटर पुढे निघून जाते. तुमच्या फोनलाही ती नीट सापडणार नाही. रॉबिन्सकडे तर सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं काहीच नव्हतं.

त्याने डोकं लढवलं. वेगवान गोष्ट मोजता येत नाही ना? मग तिला हळू करा आणि मग मोजा. त्याने एका भक्कम तिवईवर लोखंडाचा जड लोलक टांगला, त्यावर लाकडाचा जाड ठोकळा बसवला. वजन ५६ पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण २५ किलो. गोळी लाकडात घुसून तिथेच रुतायची आणि लोलक मागे झुलायचा. लोलकाला खाली एक फीत जोडलेली होती. लोलक जितका मागे जाईल तितकी फीत ओढली जायची. फीत मोजली की झोका कळला. झोक्यावरून वेग कळला.

यामागचं तत्त्व अकरावीतलं आहे, संवेगाची अक्षय्यता. गोळीचं वजन एक पौंडाचा बारावा भाग. लोलक तिच्यापेक्षा जवळजवळ पावणेसातशे पट जड. त्यामुळे दोघं मिळून जो वेग घेतात तो गोळीच्या वेगाच्या पावणेसातशेव्या भागाएवढा. म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढा. हे तर कोणीही मोजेल! या यंत्राला बॅलिस्टिक पेंड्युलम म्हणतात आणि आजही कॉलेजच्या प्रयोगशाळांत ते वापरतात.

मग त्याने पुढचा डाव टाकला. लोलक बंदुकीच्या जवळ ठेवून वेग मोजला, नंतर लांब ठेवून मोजला. मधल्या हवेने किती वेग खाल्ला ते वजाबाकीने निघालं. निकाल बघून तो स्वतःही चकित झाला असेल. पाऊण इंच व्यासाच्या त्या गोळीला हवेचा विरोध सुमारे १० पौंड होता, म्हणजे गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या १२० पट. जेमतेम ३८ ग्रॅमच्या गोळीला समोरून साडेचार किलोंचा रेटा! शिवाय त्याला असंही दिसलं की वेग आवाजाच्या वेगाच्या आसपास गेला की हवेचा विरोध एकदम उसळी घेतो. सुपरसॉनिक विमानांना ज्या अडथळ्याने छळलं, त्याची पहिली चाहूल ही अशी लागली.

१७४५ मध्ये या पुस्तकाचं जर्मन भाषांतर निघालं. भाषांतरकार कोण, तर लिओनार्ड ऑयलर. हो, तोच, ज्याच्यावर रॉबिन्सने टीका केली होती. ऑयलरने राग धरला नाही. स्वतःच्या भल्यामोठ्या टिपा जोडून त्याने मूळच्या कित्येक पट मोठा ग्रंथ केला. पुढे त्याचं फ्रेंच भाषांतर झालं आणि तोफखान्यात शिकणाऱ्या तरुण नेपोलियनने ते अभ्यासलं. इंग्लंडमध्ये रॉयल सोसायटीने १७४६ चं कोप्ली पदक रॉबिन्सला दिलं. वुलिचमध्ये जागा मिळाली नाही, पण युरोपातले तोफखाने त्याच्याकडून शिकायला लागले.

आता तिरकी पट्टी समजून घेऊ

इथे थोडं थांबून आपल्या रेलकडे वळतो, कारण आता ती पटकन समजेल.

एमओए हे कोनाचं माप आहे. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे १ एमओए. १०० मीटरवर तो जवळजवळ २.९ सेंटीमीटर भरतो, १,००० मीटरवर २९ सेंटीमीटर. २० एमओए म्हणजे एक तृतीयांश अंश. साधारण १४ सेंटीमीटर लांबीच्या पट्टीत एवढा उतार द्यायचा तर मागची बाजू पुढच्यापेक्षा फक्त ०.८ मिलिमीटर उंच करावी लागते. खिशातलं एटीएम कार्ड काढून बघा. जवळपास तेवढीच जाडी. एवढ्याशा पाचरेवर सगळा खेळ आहे.

ही पाचर करते काय? स्कोपचं नाक नळीच्या तुलनेत किंचित खाली झुकवते. तुम्ही स्कोपमधून लक्ष्य बघायला गेलात की नळी आपोआप तेवढी वर उचलली जाते. गोळीच्या उडण्यात यामुळे काडीचाही फरक पडत नाही. ती जास्त लांब जात नाही की जोरात जात नाही. बदलतो तो फक्त स्कोपच्या ॲडजस्टमेंटचा सुरुवातीचा बिंदू.

स्कोपवर जी गोल बटणं फिरवून नेम वर-खाली करतात त्यांना टरेट म्हणतात. समजा एखाद्या स्कोपमध्ये वरपासून खालपर्यंत एकूण ६० एमओए फिरवायला जागा आहे. सपाट बेसवर तो साधारण मधोमध असतो. म्हणजे वर ३० आणि खाली ३०. खालचे ३० आपल्या काहीच कामाचे नाहीत, कारण गोळी काही वर पडत नाही. २० एमओएच्या बेसवर तोच स्कोप वर ५० आणि खाली १० असा होतो. वाया जाणारी जागा कामाला लागते. वर सांगितलेल्यातले तीन-चार एमओए दोन्हीकडे १०० यार्डांच्या झीरोइंगमध्येच खर्च होतात, तेवढं लक्षात ठेवा. झीरोइंग म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी एका बिंदूवर जुळवणं.

आता खरी गंमत. मित्राच्या .३०८ रायफलची गोळी सेकंदाला सुमारे २,६०० फूट वेगाने सुटते. हवा नसती, तर १,००० यार्डांवर ती २१ फुटांच्या आसपास खाली पडली असती. १०० यार्डांच्या झीरोवरून त्यासाठी साधारण २१ एमओए लागले असते. ६० एमओएच्या स्कोपला सपाट बेसवर हे आरामात जमलं असतं. पण खरी हवा गोळीचा वेग खात जाते, गोळीला पोचायला जास्त वेळ लागतो, आणि गुरुत्वाकर्षणाला तेवढाच जास्त वेळ मिळतो. गोळी ३० फुटांच्याही खाली जाते आणि ३५ ते ४० एमओए लागतात. सपाट बेसवर टरेट फिरवत गेलात तर मध्येच अडकेल. पुढे फिरायला जागाच नाही.

म्हणजे बघा, अशा रायफलला तिरका बेस लागतो तो रॉबिन्सने मोजलेल्या त्या हवेमुळे. गॅलिलिओचा निव्वळ पॅराबोला खरा असता तर सपाट पट्टीवर भागलं असतं.

वाकवलेली नळी

रॉबिन्सचं एवढ्यावर समाधान झालं नाही. त्याला अजून एक गोष्ट खुपत होती. बंदूक घट्ट बांधून एकाच दिशेने झाडली तरी गोळ्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटायच्या. याचं कारण काय?

त्याचा अंदाज होता की गोळी नळीच्या एका बाजूला घासत बाहेर पडते आणि त्यामुळे स्वतःभोवती फिरायला लागते. फिरणाऱ्या गोळीला हवा एका बाजूला ढकलते. स्पिनरचा चेंडू हवेत जसा वळतो, अगदी तसंच. हे सिद्ध करायला त्याने बंदुकीची नळी तोंडाजवळ डावीकडे थोडी वाकवली. साध्या हिशेबाने गोळी डावीकडेच जायला हवी. पण वाकलेल्या नळीत गोळी उजव्या भिंतीला घासत येईल आणि अशा रीतीने फिरेल की पुढे जाऊन उजवीकडे वळेल, असं भाकीत त्याने केलं. वाटेत पातळ कागदाचे पडदे लावले, म्हणजे गोळी कुठून गेली ते भोकांवरून कळेल. झालंही तसंच. गोळी आधी डावीकडे निघाली आणि पुढे जाऊन उजवीकडे वळली!

ऑयलरला हे स्पष्टीकरण पटलं नव्हतं. गोळी पूर्ण गोल नसते म्हणून ती भरकटते, असं त्याचं मत. तब्बल शंभर वर्षांनी जर्मनीच्या हाइनरिश मॅग्नसने याच परिणामावर प्रयोग केले आणि नाव त्याचं लागलं, मॅग्नस इफेक्ट. हल्ली काही जण याला रॉबिन्सचंही नाव जोडतात.

गोळी फिरणारच असेल तर आपल्याला हवी तशी फिरवू, हा पुढचा विचार. नळीच्या आत सर्पिल खाचा पाडल्या की गोळी भोवऱ्यासारखी आपल्या जाण्याच्या रेषेभोवती फिरते आणि सरळ राहते. याला रायफलिंग म्हणतात, त्यावरूनच रायफल हे नाव आलं. युरोपातल्या शिकाऱ्यांकडे अशा बंदुका आधीपासून होत्या, पण त्या अचूक का लागतात हे शास्त्राने कोणी सांगितलं नव्हतं. १७४७ मध्ये रॉबिन्सने ते रॉयल सोसायटीपुढे मांडलं. गोल गोळीऐवजी अंड्याच्या आकाराची गोळी वापरावी असंही सुचवलं. ज्या देशाचं सैन्य हे तंत्र आधी आत्मसात करेल त्याला मोठा फायदा होईल, असं त्याने बजावलं. सैन्यांनी ते मनावर घ्यायला पुढची शंभर वर्षं लावली.

कोरोमंडल किनाऱ्यावरचा शेवट

पुस्तकी माणूस म्हणून राहणं रॉबिन्सला कधीच आवडलं नाही. १७४७ साली हॉलंडमधल्या बर्गेन-ऑप-झूम शहराला फ्रेंचांनी वेढा घातला होता, तेव्हा बचावाला मदत करायला तो गेला. पोचतो तोच शहर पडलं.

त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनी हैराण होती. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकून घेतलं होतं. तहानंतर १७४९ मध्ये ते परत मिळालं, पण किल्ले किती तकलादू आहेत हे उघड झालं होतं. कंपनीने किल्ल्यांच्या बांधकामासाठी मुख्य इंजिनिअर म्हणून रॉबिन्सला नेमलं. अखेर त्याला हवं तसं मोठं, खरंखुरं काम मिळालं. १७५० च्या जुलैमध्ये तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला उतरला. हे ठिकाण आज तमिळनाडूत आहे. त्याने तिथल्या आणि मद्रासच्या किल्ल्याच्या नव्या तटबंदीचे आराखडे करायला घेतले.

पण इथली हवा त्याला मानवली नाही. काही महिन्यांतच तापाने गाठलं. त्यातून उठला, पण तब्येत पुन्हा ढासळली आणि २९ जुलै १७५१ रोजी फोर्ट सेंट डेव्हिडलाच तो गेला. वय फक्त ४४. शेवटपर्यंत कंपनीसाठीच्या कागदपत्रांवर त्याचं काम चालू होतं. त्याच्या आराखड्यांतली तटबंदी पूर्ण झालेली त्याला बघायला मिळाली नाही.

त्याने अभ्यासलेली शस्त्रं पुढे याच भूमीवर साम्राज्य उभं करायला वापरली गेली, हेही विसरता येत नाही. शांततावादी घरात जन्मलेल्या माणसाचं ज्ञान कुठे जाऊन पोचलं! ज्ञान कोणाच्या हातात जातं यावर शास्त्रज्ञाचा ताबा नसतो. पण त्याच ज्ञानातून पुढे खेळही उभा राहिला, हेही तितकंच खरं.

मग कोणती पट्टी घ्यायची?

मित्राला मी नंतर जे नीट विचारून सांगितलं, ते थोडक्यात असं.

पहिला प्रश्न, किती अंतरावर मारणार? जिथे शिकारीला कायद्याने परवानगी आहे तिथल्या शिकाऱ्याची नेहमीची रेंज ३०० यार्डांच्या आत असते. .३०८ ला तिथे पाचेक एमओए लागतात. सपाट बेस उत्तम. ६००-७०० यार्डांच्या पुढे सराव करायचा असेल तर २० चा विचार करा. मात्र .२२ रिमफायर असेल तर गोष्ट वेगळी. तिची गोळी हळू असते, त्यामुळे ५० यार्डांवर झीरो करून २०० यार्डांवर मारायचं म्हटलं तरी २५ एमओएच्या आसपास लागतात. म्हणून छोट्या रायफलवरही तिरका बेस दिसला तर हसू नका.

दुसरा प्रश्न, स्कोपमध्ये एकूण किती एमओए आहेत? हा आकडा स्कोपच्या माहितीपुस्तिकेत असतो. त्याच्या निम्म्यापेक्षा बेसचा आकडा कमी हवा, आणि थोडी जागा शिल्लक ठेवायची. माझी चूक इथेच झाली होती. मित्राच्या स्कोपमध्ये ६० एमओए. निम्मे ३०. त्यावर ४० चा बेस बसवला असता तर टरेट पूर्ण खाली फिरवूनही १०० यार्डांवर झीरो झालाच नसता. गोळ्या कायम लक्ष्याच्या वर लागल्या असत्या. रेल परत, पैसे अडकले आणि शिव्या मला.

तिसरा प्रश्न, पट्टी नीट बसली आहे का? जाड बाजू डोळ्याकडे, पातळ बाजू नळीच्या तोंडाकडे. उलटी बसवली तर उलटा परिणाम. ०.८ मिलिमीटरच्या खेळात पट्टीखालचा कचरा किंवा ढिला स्क्रूसुद्धा महागात पडतो. स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळायचे. आणि हा तिरकेपणा फक्त पुढे-मागे असतो. रायफल डावी-उजवीकडे कलली तर ती वेगळीच चूक, तिला हा बेस वाचवत नाही.

मित्र सध्या २०० यार्डांवर मारतो, पण पुढच्या वर्षी १,००० यार्डांच्या रेंजवर जायचं त्याचं स्वप्न आहे. त्याने २० एमओए घेतला. १०० यार्डांवर झीरोही झाला आणि वर भरपूर जागाही उरली.

आपल्याकडच्यांसाठी दोन गोष्टी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीवर बंदी आहे आणि बंदुकीसाठी परवाना लागतो. आणि आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ते स्कोपशिवाय. त्या प्रकारात रायफलवर दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्रातून नेम धरतात. ५० मीटर हे ठरलेलं अंतर, त्यामुळे तिथे या पाचरेची गरजच नाही.

आज मित्राच्या फोनमध्ये एक बॅलिस्टिक ॲप आहे. गोळीचा वेग, वजन, तापमान टाकलं की किती एमओए फिरवायचे ते सेकंदात येतं. त्याच्या मुळाशी हवेच्या विरोधाचे तक्ते आहेत, आणि त्या वाटेवरचं पहिलं पक्कं पाऊल म्हणजे तिवईला टांगलेला तो लोलक आणि ती फीत. तरी मित्राने ॲपवर डोळे झाकून विश्वास ठेवला नाही. रेंजवर जाऊन स्वतःच्या रायफलचा वेग आधी मोजला, मगच तो आकडा भरला. रॉबिन्सनेही हेच केलं असतं.

पुढच्या वेळी गेममध्ये नेम थोडा वर धराल तेव्हा कडलूरच्या किनाऱ्यावर गेलेल्या या माणसाची आठवण ठेवा. लेख आवडला तर गेम खेळणाऱ्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या लेखात!